हँडबॉल खेळाडूंसाठी फिटनेस: आधी ब्रेक लावायला शिका, पळणं नंतर

मी खेळायचो तेव्हा आमचा सीझन दरवर्षी एकाच पद्धतीने सुरू व्हायचा, मैदानाला फेऱ्या. पहिल्या दिवशी दहा, दुसऱ्या आठवड्यात वीस, आणि ज्याला उलटी होईल तो म्हणे मनापासून प्रॅक्टिस करतोय. फेऱ्यांनी दम वाढायचा हे खरंय, पण सेकंड हाफला पाय जड व्हायचे ते व्हायचेच, आणि एका वर्षी आमच्यातला सगळ्यात दमदार पोरगा, जो फेऱ्यांमध्ये सगळ्यांना एकेका लॅपने मागे टाकायचा, तो साध्या फेंटमध्ये (एका बाजूला जातोय असं भासवून दुसरीकडे वळणं) गुडघा धरून खाली बसला. आजूबाजूला कुणी नव्हतं, कुणी हातही लावला नव्हता. डावा पाय रोवला, उजवीकडे वळायला गेला, गुडघा आत पडला आणि लिगामेंट गेलं.

पुढे कोचिंग करायला लागल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, या खेळात शरीर मोडतं ते पळताना कमी आणि थांबताना जास्त. फेंट मारताना पाय थांबवतो, जंप शॉट मारून खाली येताना सगळं अंग थांबवतो, आणि बॉल सुटल्यावर सुसाट निघालेला हात खांद्याच्या मागचे छोटे छोटे स्नायू थांबवतात. आणि प्रॅक्टिस आपण कशाची करतो तर पळायची, उडीची आणि जोरात मारायची. म्हणजे गाडीला इंजिन मोठं बसवलं आणि ब्रेक जुनेच ठेवले. खाली जो १२ आठवड्यांचा कार्यक्रम देतोय तो याच हिशोबाने बनवलाय, सीझन सुरू व्हायच्या आधी करायचा, जिम असेल तर उत्तम, नसेल तरी बऱ्यापैकी सगळं जमतं.

आधी मॅच समजून घ्या

कोर्ट ४० बाय २० मीटर, ३०-३० मिनिटांचे दोन हाफ. चांगल्या लेव्हलचा खेळाडू पूर्ण मॅच खेळला तर पोझिशनप्रमाणे साधारण ३ ते ५ किलोमीटर होतात, जे ऐकून लोकांना वाटतं की हे काहीच नाही. पण त्यातला बराच वेळ चालणं आणि हळू पळणं असतं आणि मधेमधे दोन-चार सेकंदांचे स्फोट, स्प्रिंट, उडी, धक्का, वळण, परत मागे. बदली खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करता येतात, त्यामुळे पूर्ण ताकदीने खेळून बाहेर येणं हा खेळाचाच भाग आहे. त्यात २०२२च्या नियमबदलात सेंटरला ४ मीटर व्यासाचं वर्तुळ आलं, म्हणजे तिथे थ्रो-ऑफ (गोलनंतर मधून खेळ सुरू करायचा थ्रो) पळता पळता घेता येतो, गोल खाल्ला की लगेच उलटा हल्ला. आणि पॅसिव्ह प्लेचा (गोलचा प्रयत्न न करता नुसता बॉल फिरवत राहण्याचा) इशारा आला की फक्त ४ पास. सगळं आखूड आणि वेगवान होत चाललंय. अशा खेळासाठी ४० मिनिटं एका लयीत जॉगिंग करणं म्हणजे पोहायच्या शर्यतीसाठी सायकल चालवणं. अगदीच वाया जातं असं नाही, पण त्या वेळात कामाचं खूप काही होऊ शकतं.

पायरी १: मोजून घ्या

पहिला आठवडा टेस्टचा. मोजलं नाही तर बाराव्या आठवड्यात कळणार कसं की काय वाढलं, आणि "बरं वाटतंय सर" यावर माझा विश्वास नाही.

पळण्याची टेस्ट एकच घ्या, ३०-१५ वाली. मार्टिन बुखहाइट या फ्रेंच स्पोर्ट्स सायंटिस्टने ती बनवली आणि हँडबॉलला ती अगदी मापाने शिवल्यासारखी बसते, कारण ४० मीटरच्या अंतरात पळायचं असतं आणि आपलं कोर्ट तेवढंच लांब आहे. ३० सेकंद पळायचं, १५ सेकंद चालायचं, सुरुवात ताशी ८ किलोमीटरने आणि दर टप्प्याला अर्धा किलोमीटर वाढ. बीपचा ऑडिओ मोबाईलवर मिळतो, स्पीकर मात्र मोठा लावा, लांबच्या टोकाला ऐकू गेलं नाही की अर्धी टीम खोळंबते. बीपला मार्किंगच्या ३ मीटर आत पोचता आलं नाही असं लागोपाठ तीनदा झालं की टेस्ट संपली. शेवटचा जो टप्पा पूर्ण केला त्याचा स्पीड म्हणजे तुमचा नंबर, लिहून ठेवा, पुढे पळायचा सगळा हिशोब त्यावरच आहे.

दुसरी टेस्ट लंगडी. एका पायावर उभं राहून जितकी लांब जाईल तितकी एकच उडी, त्याच पायावर उतरायचं आणि दोन सेकंद स्थिर राहायचं, डुगडुगलात तर उडी बाद. दोन्ही पायांची मोजा. १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर लहान आकडा ज्या पायाचा त्याला पुढे जास्त काम. उजव्या हाताने खेळणारे बहुतेक जण डाव्या पायावर उडी घेतात, त्यामुळे फरक निघणं नवल नाही.

तिसरी टेस्ट मोबाईलवर. ३० सेंटीमीटरच्या ठोकळ्यावरून खाली उतरायचं, समोरून शूट करायचं आणि स्लो करून बघायचं, टेकताना गुडघे एकमेकांकडे पडतात का. हा व्हिडिओ डिलीट करू नका.

याशिवाय १० आणि २० मीटर स्प्रिंटचा वेळ आणि भिंतीवर खडू लावून उंच उडी. बास.

पायरी २: वॉर्मअप म्हणजे टाइमपास नाही

नॉर्वेत १५ ते १७ वर्षांच्या हँडबॉल खेळाडूंवर मोठा प्रयोग झाला, २००५ साली छापून आला, १२० क्लब आणि १,८३७ पोरंपोरी. अर्ध्या क्लबांना १५-२० मिनिटांचा ठरवून दिलेला वॉर्मअप दिला, पळणं, उतरण्या-वळण्याचं तंत्र, तोल सांभाळणं आणि ताकद, बाकीच्यांनी नेहमीसारखं चालू ठेवलं. वॉर्मअपवाल्यांमध्ये गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. मशीन नाही, महागडं काही नाही, वॉर्मअप फक्त. हे माहीत असूनही गप्पा मारत दोन फेऱ्या आणि मग थेट गोलवर बॉल मारणाऱ्या टीम मी आजही बघतो, तेव्हा खरंच चिडायला होतं.

माझा क्रम असा आहे: ३-४ मिनिटं पुढे, मागे, साइडने पळणं, त्यात हळू स्पीडने फेंट. मग जोडीने एका पायावर उभं राहून बॉल पास करायचा आणि मधेमधे एकमेकांना हलकासा धक्का द्यायचा, तोल जाऊ न देता. पुढे प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं) आणि साइड प्लँक, मग उतरण्याचा सराव (खाली येतोच), शेवटी खांद्याचे रबर बँडवाले दोन व्यायाम आणि जवळून लांब जात जात पासिंग. गोलवर पहिला जोरदार शॉट पंधराव्या मिनिटाच्या आधी नाही. स्थिर उभं राहून मिनिट-मिनिट ताणायचं स्ट्रेचिंग इथे नको, ते प्रॅक्टिसनंतर.

पायरी ३: ब्रेक

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त फायदा यातूनच होतो. आठवड्यातून तीनदा, १० ते १२ मिनिटं, ताज्या पायांनी. दमल्यावर केलं तर चुकीचंच अंगवळणी पडतं.

पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर. चवड्यांवर उभं राहायचं, हात वर, आणि झटक्यात अर्ध्या बैठकीत खाली येऊन गोठून जायचं. ५ वेळा, ३ सेट. मग ठोकळ्यावरून उतरून तसंच, दोन सेकंद पुतळा. काय बघायचं तर गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, कंबर मागे गेलेली, छाती थोडी पुढे, आणि पाऊल सपाट टेकलेलं.

एक युक्ती सांगतो, पोरांकडे पाठ करून उभं राहा आणि नुसतं ऐका. जो धप्पकन आपटतो त्याचे गुडघे सरळ आहेत, सगळा मार हाडांवर आणि लिगामेंटवर जातोय. जो हलका टेकतो, आवाज जवळजवळ येतच नाही, त्याच्या मांड्या आणि कुल्ले काम करतायत. "गुडघा वाक, कंबर मागे घे, छाती वर ठेव" असं दहा सूचनांनी जे होत नाही ते "आवाज न करता उतर" एवढ्या एका वाक्याने होतं. एकदा आमच्याकडची एक विंगर (कोर्टच्या कडेने खेळणारी) वैतागून म्हणाली, सर मांजरासारखं उतरायचं का, म्हटलं हो, अगदी तसंच, आणि तिचं उतरणं त्या दिवसापासून जे सुधारलं ते सुधारलंच.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लंगडी. पुढे एक उडी आणि स्थिर, मग साइडला, मग तिरकी. प्रत्येक पायावर ४ उड्या, ३ सेट. पाचव्या-सहाव्यात पळून थांबणं: १० मीटर जोरात आणि रेषेवर पूर्ण थांबायचं, शेवटच्या तीन पावलांत. पावलं छोटी, कंबर खाली, पाय शरीराच्या थोडा पुढे. लोक एकाच लांब पावलात, टाच रोवून थांबायला बघतात, तिथेच गुडघ्याची वाट लागते. जमायला लागलं की १५ मीटर, मग थांबून लगेच उलट्या दिशेला तीन पावलं.

सातव्या आठवड्यापासून बॉल आणि माणूस. समोर डिफेन्डर ठेवून फेंट, पाय कंबरेखालून फार लांब टाकायचा नाही, पाऊल जिकडे जायचंय तिकडे थोडं वळलेलं. आणि जंप शॉट मारून दोन पायांवर उतरणं, ज्यात हवेत असताना पार्टनर कंबरेच्या बाजूला पॅडने हलका धक्का देतो. मॅचमध्ये धक्का बसणारच आहे, तर तो ओळखीचा झालेला बरा. मुलींच्या टीमने तर यातला एकही आठवडा गाळू नये, गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती त्यांच्यात मुलांपेक्षा बऱ्याच जास्त होतात.

उड्यांची मोजदाद ठेवा. सुरुवातीला एका सेशनला पाय जमिनीला ६०-७० वेळा टेकेल इतकंच, पुढे हळूहळू १०० च्या आसपास.

पायरी ४: ताकद

आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा. हालचाली थोड्याच, पण नीट: स्क्वॉट, वजन घेऊन कंबरेतून वाकणं म्हणजे रोमानियन डेडलिफ्ट, मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक, पुलअप, एका हाताने रोइंग, बेंच प्रेस किंवा वजन पाठीवर ठेवून जोर, आणि पोटऱ्यांसाठी एका पायावर टाच उचलणं. पहिले चार आठवडे ८ ते १० रेप्सचे ३ सेट, असं वजन की अजून दोन-तीन सहज निघाले असते. पाचव्यापासून आठव्यापर्यंत ५ रेप्सचे ४ सेट, वजन चढवत. शेवटचे चार आठवडे ३-४ रेप्स, वजन थोडं कमी पण उचलताना पूर्ण वेगाने. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना आकड्यांच्या मागे लावू नका, त्यांना आधी हालचाल येऊ दे.

दोन व्यायाम मात्र सगळ्यांना सक्तीचे. पहिला नॉर्डिक: गुडघ्यांवर बसायचं, पार्टनरने घोटे दाबून धरायचे, आणि पाठ-मांडी एका रेषेत ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे पडायचं. मांडीच्या मागचा स्नायू लांबत लांबत अंग रोखतो, म्हणजे परत ब्रेकच. पहिल्या आठवड्यात ५ चे फक्त २ सेट करा, जास्त केलं तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही आणि पोरं त्या व्यायामाला कायमची घाबरतील (हा शहाणपणा अनुभवातून आलाय, पोरांच्या अनुभवातून). सहाव्या आठवड्यापर्यंत ८ चे ३. दुसरा कोपनहेगन: साइड प्लँकमध्ये वरचा पाय बाकावर, खालचा हवेत, जांघेच्या ताकदीवर अंग उचलून धरायचं. गोलकीपर आणि सतत साइडला सरकणारे डिफेन्डर जांघ ताणल्याची तक्रार घेऊन येतात, त्यांच्यासाठी हाच.

पायरी ५: खांदा

मोठ्यांच्या पुरुष हँडबॉलचं वजन ४२५ ते ४७५ ग्रॅम. वजन काहीच नाही, पण तो पूर्ण ताकदीने फेकताना हात ज्या वेगाने पुढे येतो तो वेग बॉल सुटल्यावर कुठे जातो? बॉल गेला, हात राहिला, आणि तो थांबवायचं काम खांद्याच्या मागच्या बाजूच्या स्नायूंवर आलं. छाती आणि पुढचा खांदा सगळेच बेंच प्रेसने मोठे करतात, मागचं कुणी बघत नाही, मग दोन सीझनमध्ये "सर, हात वर नेला की खांद्यात आतून टोचतंय".

वॉर्मअपमध्येच आठवड्यातून तीनदा १० मिनिटं द्या. रबर बँड समोर बांधा, कोपर खांद्याच्या उंचीवर, ९० अंशात वाकलेलं, आणि हात मागे फिरवून सावकाश परत आणा, परत येताना मनात तीन मोजा. १२ ते १५, ३ सेट. पालथं झोपून हात वाय आणि टी आकारात उचलणं, त्यात खांद्याचं पातं खाली-मागे ओढलं जातंय का बघा. जोर मारताना वर पोचल्यावर अजून थोडं ढकलून पाठीचा वरचा भाग गोल करायचा. आणि माझा आवडता, एका गुडघ्यावर बसा, पार्टनर मागून १ किलोचा छोटा बॉल फेकतो, तुम्ही थ्रोच्या पोझिशनमधल्या हाताने तो पकडून पुढे जात जात थांबवायचा आणि परत मागे फेकायचा. सुरुवातीला पाच-सहा वेळातच खांद्याची मागची बाजू जळायला लागते, तेव्हा कळतं तिथे आधी काहीच नव्हतं.

प्रॅक्टिसनंतर फेकणारा हात छातीवरून आडवा ओढून ३० सेकंद, तीनदा. फेकणाऱ्यांचा खांदा आतल्या बाजूला वळायचा हळूहळू आखडत जातो. नॉर्वेतच अशाच धर्तीच्या कार्यक्रमावर ४५ टीम आणि ६६० खेळाडू घेऊन अभ्यास झाला, २०१७ ला छापून आला, कार्यक्रम करणाऱ्या गटात खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी.

आता थ्रो मोजण्याबद्दल, कारण इथे सगळे गंडतात. डेन्मार्कमध्ये ६७९ तरुण खेळाडूंना ३१ आठवडे बघितलं तर ज्यांच्या हँडबॉलचा आठवड्याचा लोड अचानक ६० टक्क्यांहून जास्त वाढला त्यांच्यात खांद्याच्या दुखापती वाढल्या. तो लोड तासांचा होता, पण थ्रोला हिशोब लावून बघा. नेहमीच्या आठवड्यात तुम्ही १२० जोरदार थ्रो मारता. मग कॅम्प आला, दोन वेळ प्रॅक्टिस, थ्रो २०० वर गेले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. ही ६७ टक्के वाढ आहे. म्हणून कॅम्पच्या तीन आठवडे आधीपासून १२० चे १४०, १६०, १८० करत जा. पूर्ण ताकदीचे थ्रो वेगळे मोजा, साधे पास त्यात धरू नका. राखीव गोलकीपरला वही देऊन बसवा, मस्त मोजतो.

पायरी ६: थ्रोचा जोर जमिनीतून येतो

पाचव्या आठवड्यापासून मेडिसिन बॉल, २ ते ३ किलोचा पुरतो, त्याहून जड घेतला की हालचाल मंद होते आणि मुद्दाच जातो. भिंतीकडे साइड करून कंबर फिरवत फेकणं, डोक्यावरून दोन्ही हातांनी पाऊल टाकत फेकणं, ६ चे ३ सेट, प्रत्येक थ्रो पूर्ण जोराने आणि मधे भरपूर विश्रांती. इथेही ब्रेकच आहे बघा, उभ्याने शॉट मारताना पुढचा पाय जितका घट्ट रोवला जाईल, गुडघा न ढेपाळता, तितकं कंबर थांबून धड पुढे फेकलं जातं, मग खांदा, मग कोपर, मग मनगट. ज्याचा पुढचा पाय मऊ पडतो तो सगळा जोर हाताने काढायला जातो. जंप शॉटमध्ये जमीन नसते, तिथे धडाचं वळण आणि पायांची कात्री कामाला येते, म्हणून पोट-पाठीची ताकद.

पायरी ७: आता पळा

टेस्टचा नंबर काढा. समजा तुमचा १८ आला, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. त्याच्या ९५ टक्के म्हणजे ४.७५, आणि १५ सेकंदात होतात साधारण ७१ मीटर. एका गोललाइनवरून निघा, ४० मीटर पलीकडे टच करा, परत या, ३१ मीटर आलात की तुम्ही निघालेल्या गोलच्या समोरच्या ९ मीटर लाइनवर असाल. तिथे १५ सेकंद पूर्ण झाले पाहिजेत. मग १५ सेकंद चालत आराम, आणि परत. ज्याचा नंबर १६ आहे त्याचे ६३ मीटर होतात, त्याचा खुणेचा शंकू निघालेल्या गोललाइनपासून १७ मीटरवर ठेवा. म्हणजे सगळी टीम एकाच शिट्टीवर पळते पण प्रत्येकाचं अंतर त्याच्या दमाप्रमाणे, नाहीतर पिव्हट (६ मीटर लाइनवर डिफेन्सच्या मधे उभा राहणारा) मरतो आणि विंगर फिरायला आल्यासारखा पळतो. पहिल्या चार आठवड्यांत आठवड्याला दोनदा, ६ मिनिटांचे दोन सेट, वाढवत ८ पर्यंत, मधे ३ मिनिटं विश्रांती.

पाचव्या आठवड्यापासून यातला एक दिवस रिपीट स्प्रिंटचा: २० मीटर जा, २० मीटर या, पूर्ण जोर, मग २० सेकंद थांबा, असे ६, आणि दोन सेट. नवव्यापासून बहुतेक काम बॉलनेच, पूर्ण कोर्टवर ४ विरुद्ध ४, ४ मिनिटांचे ४ गेम, मधे २ मिनिटं, ड्रिबल बंद, गोल झाला की लगेच सेंटर. पोरं हसत खेळत मरतात.

स्पीडचं काम वेगळं. १० ते ३० मीटर, प्रत्येकी ६-८ वेळा, दर १० मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती. कोचना ही विश्रांती बघवत नाही, "काय उभे राहिलात" म्हणून पळायला लावतात, आणि मग जे होतं ते स्पीड नसतं, दमलेलं पळणं असतं.

आठवडा कसा लावायचा

सहाव्या-सातव्या आठवड्याचं उदाहरण. सोमवारी ब्रेक आणि स्पीड, मग ताकद. मंगळवारी कोर्टवर तंत्र आणि १५-१५ पळणं. बुधवारी फक्त खांदा, स्ट्रेचिंग, हलकं काहीतरी. गुरुवारी ब्रेक, मेडिसिन बॉल आणि ताकद. शुक्रवारी तंत्र आणि रिपीट स्प्रिंट. शनिवारी ब्रेकचे दहा मिनिटं आणि गेम. रविवारी काहीही नाही, आणि काहीही नाही म्हणजे काहीही नाही, मित्रांबरोबर दोन तास दुसरा खेळही नाही. दर चौथ्या आठवड्याला सगळ्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी करा.

सीझन सुरू झाला की ताकद बंद करायची हा जुना रोग आहे, चार-पाच आठवड्यांत कमावलेलं ओसरायला लागतं. आठवड्यात मॅच एक असेल तर मॅचनंतर दोन दिवसांनी एक नीट सेशन, आणि मॅचच्या तीन दिवस आधी एक छोटं, २ सेट, वेगाने. नॉर्डिक मॅचच्या आदल्या दिवशी कधीच नाही.

पोझिशनप्रमाणे फरक

विंगला स्प्रिंट आणि एका पायाची उडी जास्त, त्यांचे लांब स्प्रिंटच सगळ्यात जास्त होतात. बॅकचा (मागून, लांबून शॉट मारणाऱ्यांचा) खांदा आणि उतरणं सांभाळा, थ्रो त्यांचेच जास्त आणि धक्केही हवेत तेच खातात. पिव्हटचं काम कुस्तीसारखं, पाठ लावून जागा धरायची, वळायचं, पडता पडता मारायचं. त्याला जोडीने ढकलाढकली, ८-१० सेकंद एकमेकांना जागेवरून हलवायचं, ६ मीटर लाइनवर, आणि पडण्याचा सराव मॅटवर.

गोलकीपरला लोक फेऱ्यांना पाठवतात, का ते मला आजवर कळलं नाही. ३ बाय २ मीटरचा गोल राखणाऱ्याला साइडला स्फोटक पाऊल, कंबर आणि जांघेची लवचिकता आणि तीन-चार सेकंदांत परत उभं राहणं लागतं. त्याला दोन टेनिस बॉल भिंतीवर मारून पकडायला द्या, पाय वर नेऊन बॉल अडवायचे १० चे सेट द्या, आणि कोपनहेगन दुप्पट.

दुखलं तर

० ते १० मध्ये वेदना ३ पर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी आधीसारखं झालं असेल तर व्यायाम चालू ठेवा, फक्त प्रमाण कमी. सकाळी जास्त ठणकत असेल तर काल जास्त झालं. गुडघ्यात कट्कन आवाज आला आणि काही तासांत सूज आली तर बर्फ लावून घरी बसू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लिगामेंटचं ऑपरेशन झालं असेल तर ९ महिन्यांच्या आत मॅचचा विषय काढू नका, आणि ९ झाले म्हणूनही नाही, डॉक्टर-फिजिओंनी सोडलं आणि शिवाय लंगडीचा फरक १० टक्क्यांच्या आत आला तरच.

झोप ८ तासांच्या खाली गेली की बाकी सगळ्यावर पाणी. प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर एकदा वजन करून बघा, १ किलो कमी झालं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी थोडं थोडं करत.

बाराव्या आठवड्यात दोन दिवस पाय मोकळे ठेवून पहिल्या आठवड्याच्याच सगळ्या टेस्ट परत घ्या, त्याच कोर्टवर, त्याच बुटांत, साधारण त्याच वेळेला. पळण्याचा नंबर एक किलोमीटरने वर गेला आणि लंगडीचा फरक अजून १३ टक्के असेल तर खूश होऊ नका, त्या खेळाडूचं पळणं आठवड्यातून एकदा कमी करा आणि त्या पायाला तिसऱ्या आठवड्यापासूनचं ब्रेकचं काम परत लावा, सीझन चालू असला तरी. आणि तो ठोकळ्यावरून उतरतानाचा जुना व्हिडिओ काढून नव्याच्या शेजारी ठेवा, पोरांना स्वतःला बघू द्या.